न हलणारे पट्टे

वसुधा देवपुजारी, मूळची नागपूरची, आमच्या भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत फिजिक्स शिकवायची. नोकरी कच्ची, मान मात्र ताठ. मी मंगला, तिथंच शिवण शिकवायचे.

ब्याऐंशी साली विज्ञान प्रदर्शन ठरलं. प्रिन्सिपॉल वसुधाला म्हणाले, "तुमचं मॉडेल चाललं तर पक्कं करतो. नाहीतर जूनपासून दुसरीकडे बघा." आणि ह्या बयेनं काय निवडावं? जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलाच्या टबात तरंगणारी लाकडी चकती, तिच्यावर कोटा फरशी, फरशीवर आरसेच आरसे. लेझर कॉलेजातून उसना. एका किरणाचे दोन करायचे, काटकोनात पिटाळायचे, आरशांतून बरंच हिंडवून परत एकत्र आणायचे. मग फरशीवरच्याच छोट्या पडद्यावर लाल-काळे पट्टे उमटतात.

"सायकल दामटली की वारा तोंडावर येतो ना?" ती मला सांगायची. "पृथ्वी तर केवढ्या वेगानं पळतेय. म्हणजे एका दिशेच्या प्रकाशाला जास्त वेळ लागायला हवा. फरशी फिरवली की पट्टे सरकायला हवेत."

"मग सरकतात?"

"छे! मुळीच नाही. प्रकाशाचा वेग कुठल्याही दिशेनं तोच. शंभरेक वर्षांपूर्वी हे दिसलं आणि आख्खं फिजिक्स उलटंपालटं झालं."

अगं बाई! म्हणजे काही न होण्याचं मॉडेल! मी कपाळावर हात मारला.

कारखाना चालू असला की जमीन थरथरायची आणि पट्टे नाचायचे, म्हणून प्रदर्शन तिनं भांडून रविवारी घ्यायला लावलं. आदल्या दिवशी प्रिन्सिपॉल बघायला आले. "कुछ तो हिलना चाहिए, मॅडम. हळूच बोट लावा." मीही म्हटलं, "लाव की गं, कोणाला कळतंय?"

ती उसळलीच. "नोकरी गेली तर शिकवण्या घेईन. खोटं दाखवणार नाही!"

रविवारी परीक्षक म्हणून कारखान्यातले इंजिनियर कानडे साहेब आले. फरशी सावकाश फिरली. पट्टे जागच्या जागी.

"काहीच होत नाही की," साहेब म्हणाले.

"साहेब, कडेला बोट टेकवा," वसुधा म्हणाली. त्यांनी टेकवलं. पट्टे भराभर पळाले. "तुमच्या बोटानं दगड केसाहून कितीतरी कमी वाकला, तेवढंही ह्याला कळतं. आता बोट काढा आणि तुम्हीच फिरवा."

त्यांनी फिरवली. मग पुन्हा फिरवली. पट्टे ढिम्म. साहेब फरशीबरोबर टबाभोवती वाकून चालत होते, लग्नातल्या फेऱ्यांसारखे. शेवटी "कमाल आहे!" एवढंच म्हणाले.

बक्षीस मात्र मातीच्या ज्वालामुखीला गेलं. धूर निघत होता ना त्यातून! प्रिन्सिपॉल आमच्याकडे यायला निघाले, तोंड आंबट करून. तेवढ्यात कानडे साहेबांनी त्यांना आमच्यासमोरच अडवलं. "बक्षीस आम्हा तिघा परीक्षकांच्या मतानं ठरलं, ते जाऊ द्या. माझी मुलगी जूनमध्ये अकरावीत येतेय. ह्या बाई शिकवणार असतील, तरच तिला इथं घालतो."

प्रिन्सिपॉल म्हणाले, "म्हणजे काय, त्या आहेतच! पक्क्या आहेत!"

मी वसुधाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती टबावर वाकून ढसाढसा रडली, आणि वर माझ्यावरच खेकसली, "बघतेस काय? तेलात पाणी पडतंय, रुमाल दे!"