ऑरेलियाच्या तीन हात अलीकडे

न्यूफाउंडलंडच्या आमच्या किनाऱ्यावर मार्व्हिना टिझर्डला सगळे वचकून असतात. साठी उलटली, तरी ती 'ऑरेलिया'वर बुडी मारते. १९५१च्या जानेवारीत खाडीच्या तोंडाशी बुडालेलं कोळशाचं जहाज ते. तीस वर्षांत ती तिथे किती वेळा गेली, हे तिलाही सांगता येणार नाही. मी तिचा धाकटा दीर. होडी माझी, हुकूम तिचा.

मागच्या ऑक्टोबरात क्लेटन रोझ आला. वय एकाहत्तर. त्याचा बाप 'ऑरेलिया'च्या भट्टीवर होता. बापाला घेऊन जहाज बुडालं तेव्हा क्लेटन आईच्या पोटात होता. त्या जहाजाला एकदा हात लावायचा, एवढ्यासाठी हा पठ्ठ्या सत्तरीत बुडी मारायला शिकला. सहा दिवस वाऱ्याने आम्हाला धक्क्यावरच बसवलं. सातव्या दिवशी समुद्र निवला, आणि तोच मोसमाचा शेवटचा दिवस होता.

दोघं उतरली आणि वीस मिनिटांत वर आली. क्लेटन रागाने लालबुंद. जहाज तीन हातांवर असताना हिने अंगठा वर केला होता. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे परत चला. मग खूण करणारा नवखा असो की मुरलेला, कुणी 'का' म्हणून विचारायचं नाही.

तिची लाज राखावी म्हणून मी ठोकून दिलं, की इंजिन कुरकुरत होतं, वर या म्हणून मीच दोराला हिसका दिला.

"गप रे," मार्व्हिना म्हणाली आणि क्लेटनकडे वळली. "माझ्या हातमोज्यात पाणी शिरलं. बोटं बधिर झाली. थंडीने तुमची श्वासाची नळी गोठून हवा भसाभस सुटली असती, तर मला तुमच्या पाठीवरच्या टाकीचा कॉक बंद करता आला नसता. निघताना हातमोजा नीट बघितला नाही. चूक माझी."

तीस वर्षांचं नाव तिने एका परक्यासमोर असं घालवलं. मला तिचा राग आला, आणि अभिमानही वाटला.

क्लेटन तिच्या समोर येऊन बसला. मग हळूहळू सांगू लागला. वादळाचा इशारा मिळूनही कप्तानाने जहाज बाहेर काढलं होतं. भीती सगळ्यांनाच वाटत होती, पण परत चला असं एकानेही म्हटलं नाही. वाचलेल्या दोघा खलाशांनीच हे त्याच्या आईला सांगितलं होतं. बोलता बोलता त्याने मार्व्हिनाचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले आणि चोळू लागला.

"बाई, त्यांच्यात तुझ्यासारखं एक जरी माणूस असतं, तर मी बापाला पाहिलं असतं."