सैल जोडव्यांची राजकन्या

माझ्या लग्नात दोन नवऱ्या होत्या. एक मी, आणि दुसरी माझ्या नवऱ्याची बहीण. त्याच मांडवात, त्याच मुहूर्तावर, ती माझ्या भावाच्या गळ्यात हार घालत होती. याला आमच्याकडं साटंलोटं म्हणतात. एक पोरगी द्यायची, एक घ्यायची, हिशोब फिटला.

सलग तिसरं साल कोरडं गेलं होतं. कन्नडच्या पुढं आमची थोडी कोरडवाहू जमीन आणि चाळीसेक शेळ्या. असल्या घरात पोरगी कोण देणार? भावाला चार ठिकाणाहून नकार आला. मग हर्सूलचं एक स्थळ आलं, पोरगा वाळूजला कंपनीत, पण अट अशी की आमची पोरगी करा आणि तुमची आम्हाला द्या. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मला शाळेत बाई व्हायचं होतं. आई म्हणाली, "तुझ्यामुळं भावाचा संसार उभा राहतोय, आजून काय पायजे?" मला काय पाहिजे ते तिला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर तिनं तसं विचारलं.

गडबडीत आमची जोडवी बदलली. माझी तिच्या पायात गेली, तिची माझ्या. मला घट्ट, तिला सैल. मांडवात ती माझ्याकडं वाकून हळूच म्हणाली, "वहिनी, बदलायची का?" तेवढ्यात कुणीतरी तिला उठवलं, आणि ते राहूनच गेलं.

तिनं मला वहिनी म्हटलं ते बरोबरच होतं. मी तिच्या भावाची बायको, ती माझ्या भावाची बायको. दोघी एकमेकींच्या वहिनी आणि दोघी एकमेकींच्या नणंदा. ऐकणाऱ्याला मजा वाटते. नांदायला बसलं की कळतं. मला इकडं कुणी बोललं की आठवड्याच्या आत तिला तिकडं बोलणं बसायचं. मी सासूला उलट उत्तर दिलं, तर तिकडं माझी आई तिच्याशी अबोला धरायची. म्हणून आमच्या घरात कुणी कुणावर धड चिडायचं नाही. नवरा तर माझ्याशी असा जपून बोलायचा, जणू मी परक्या गावची सरपंच. माणूस वाईट नव्हता. आठ दिवसांनी नळाला पाणी यायचं तेव्हा ड्युटीवरून आला तसाच मोटार लावून, पाइप धरून गच्चीवर उभा राहायचा. पण मला एक शब्द बोलायला तो भ्यायचा. माझ्यावर आवाज चढवला तर तिकडं बहिणीला भोगावं लागेल, ही त्याची भीती. माझीही तीच.

घर दोन खोल्यांचं. गच्चीवरून जेलची भिंत दिसायची. लग्नात आईनं बायकांना सांगितलं होतं, "वस्ती लई चांगली, पोलीस जवळच हायेत." सुरुवातीला आजूबाजूला ज्वारीची रानं होती. बघता बघता तिथं चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉटच्या पाट्या लागल्या, बोअरच्या गाड्या रात्रंदिवस खडखडायला लागल्या. शहर आमच्या दारापुढनं वाढत चाललं होतं आणि मी गच्चीवर पापड वाळवत होते.

फोन हातात आला तेव्हा मी लिहायला लागले. एका ॲपवर कुणीही गोष्ट लिहायची, दर आठवड्याला एक भाग टाकायचा, लोक वाचून खाली शेरे द्यायचे. मी टोपणनावानं सुरू केलं. दोन राज्यं, पिढ्यान् पिढ्यांचं वैर. तह होतो. याची राजकन्या त्याला, त्याची याला. दोन्ही राजवाड्यांच्या विहिरी जमिनीखालून एकमेकींना जोडलेल्या, आणि त्यांच्यावर जादू अशी की इकडची राणी रडली की तिकडची विहीर आटते. म्हणून राणीला रडायला बंदी. लग्नाच्या प्रसंगात मी जोडवी बदलल्याचंही घातलं. तेवढं एक खरं, बाकी सगळं मनाचं, असं मी स्वतःला सांगत होते.

गोष्ट चालली. पण बायका एकाच गोष्टीवर अडून बसल्या. राजा प्रेमाचं कधी बोलणार? "लेखिकाताई, किती ताणता?" "त्याला तिचा हात तरी धरू द्या." मला हसू यायचं आणि चीडही. अगं, धरला असता तर लिहिला नसता का? मला लिहिताच येईना. राजा फक्त तलावावर उभा राहून राणीसाठी हंडे भरायचा. त्याच्या पुढं माझं बोट जायचंच नाही.

शेवट मात्र ठरलेला होता. राणी जाणार. कारण मीही जाणार होते. कॉलेजातल्या मैत्रिणीनं पुण्यात मुलींच्या वसतिगृहात काम बघून दिलं होतं, राहायला खोली, संध्याकाळी राहिलेलं शिक्षण. मूलबाळ नव्हतं. पंचमीला माहेरी जायचं, चार दिवस राहायचं, आणि परतीच्या गाडीत न बसता कन्नड स्टँडवरून थेट पुण्याची गाडी धरायची, असं मी ठरवलं होतं. वहिनीचं काय होईल, हा विचार येत नव्हता असं नाही. पण लेक झाल्यापासून दोन वर्षांत ती एकदाही इकडं माहेरी आली नव्हती. बोलवलं की भाऊ म्हणायचा, "तिलाच करमत नाय तिकडं." मी म्हटलं, चला, एकीचं तरी चांगलं झालं. ती सुखात आहे, तर ती आपलं बघून घेईल.

पंचमीच्या आधीच्या आठवड्यात मी शेवटून दुसरा भाग टाकला. राणी गाठोडं बांधते. खाली शेऱ्यांचा पाऊस. त्यात एक शेरा होता, ना फोटो, ना नाव.

"राणीची जोडवी घट्ट, तिला दुखतं, हे दर भागात हाय. सैल जोडव्यांची राजकन्या तिकडं गेली, तिच्यावर एक ओळ पण नाय. मी आजून दोरा गुंडाळून घालते."

मी कणीक मळत होते. पिठाच्या हातानंच फोन उचलला होता. पुन्हा वाचलं. गोष्टीतली जोडवी सगळ्यांनी वाचली होती, पण ती खरोखर बदलली होती हे आम्हा दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तीस भाग लिहिले होते मी. राणीच्या घोड्याला नाव दिलं, मैनेला नाव दिलं. दुसऱ्या नवरीला पहिल्या भागात रथात बसवलं आणि विसरून गेले.

माहेरी पोचले तर वहिनी घरात नव्हती. भाऊ ओट्यावर बसून फोन बघत होता. म्हणाला, "शेळ्या घेऊन गेलीय डोंगराकडं." मी पाणीसुद्धा न पिता मागं गेले. बाभळीखाली शेळ्या बसल्या होत्या आणि ती दगडावर. मांडवातली ती टवटवीत पोरगी राहिलीच नव्हती. पाठीला तिची दोन वर्षांची लेक बांधलेली, झोपलेली. मला बघून तिनं फोन पटकन पदराखाली घातला, आणि मग ओळखून परत काढला.

"इथंच रेंज येती," ती म्हणाली. "घरात फोन दिसला तर फोडून टाकतील."

मी विचारलं, "तुला माहेरी यायचं नव्हतं?"

"यायचं नव्हतं?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "शेळ्या कोण बघंल, म्हणतात. एकदा मी निघालेच होते, तर पोरीला आत कोंडलं आन् म्हणाले, जा आता."

हे माझा भाऊ करत होता. ज्याच्या संसारासाठी मी पुस्तकं बांधून ठेवली, तो. मी राजाच्या वाड्याच्या भिंती इतक्या उंच लिहिल्या, आणि खरा कोंडवाडा माझ्या माहेरात होता. मला तिच्यासमोर बसायची लाज वाटली.

मी तिला पुण्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, वाचलं की. राणी गाठोडं बांधती." मग पाठीवरची लेक सावरत म्हणाली, "वहिनी, तुमी गेलात तर हे मला धाडून देतील. त्याची मला खुशी हाय. पण पोरगी ठेवून घेतील. तसं सांगूनच ठेवलंय त्यांनी."

संध्याकाळी मी भावासमोर उभी राहिले. माझी जीभ तिखट, सगळ्या गावाला ठाऊक. म्हटलं, बायकोला डांबून ठेवायला तू कोण लागून गेलास? तो शांत होता. "जास्त बोलू नको," म्हणाला. "तिला उद्याच धाडतो, पोरगी हितं राहील. मग तुझे सासरचे तुला धाडतील. ये मग, दोघी मिळून शेळ्या राखा." आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी मी निघाले. वहिनी फाट्यापर्यंत सोडायला आली, शेळ्यांचं निमित्त करून. जीप दिसली तेव्हा म्हणाली, "एक करा. निदान गोष्टीत तरी मला सोडा."

कन्नड स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता. मी हर्सूलला आले. नवऱ्यानं दार उघडलं, पिशवी घेतली आणि विचारलं, "बहीण बरी हाय ना?" मी म्हटलं, "बरी हाय." खरं सांगितलं असतं तर तो तिकडं धावला असता, आणि भावानं शब्द खरा केला असता. तेव्हापासून मी त्याच्याशी खोटं बोलतेय.

शेवटचा भाग मी दोन दिवसांत लिहिला. राणी वाड्यातच राहते. सैल जोडव्यांची राजकन्या भरदुपारी लेकीला पाठीला बांधते, जोडवी विहिरीच्या काठावर काढून ठेवते, ती निघतात सहज, आणि घाट उतरून जाते. कुणी अडवत नाही. विहीर आटत नाही. वाचक बायका भयंकर चिडल्या. ही कोण मधेच? आमच्या राजाराणीचं काय? तो भाग सगळ्यात कमी वाचला गेला. मी पुन्हा लिहिलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. जेलच्या भिंतीपुढं उंच इमारती आल्या, गच्चीवरून ती आता दिसत नाही. ती गोष्ट कुणी वाचत नाही. पण प्रत्येक भागापुढं तो किती वेळा उघडला त्याचा आकडा असतो, आणि शेवटच्या भागाचा आकडा दुपारच्या वेळी एका अंकानं वाढतो. रोज नाही, पण वाढतो. शेळ्या सावलीला बसायच्या वेळेला. मी हातातलं काम टाकून बघते. वाढलेला दिसला की जीव भांड्यात पडतो, ती आहे म्हणून. आणि लगेच कळतं, की ती अजून तिथंच आहे.