समोरचा वकील काय म्हणेल?

परदेशी वकिलांना अमेरिकन कायदा शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गात मी नाव घातलं, तेव्हा नगरच्या कोर्टात माझी बारा वर्षं झाली होती. आता मला कोण काय शिकवणार, हा तोरा होताच. वर्ग आमच्या संध्याकाळी भरे. तिकडे तेव्हा सकाळ असे.

पहिला गृहपाठ शेतातल्या रस्त्याच्या वादाचा. ऑफिसातल्या वरिष्ठ वकिलासाठी टिपण लिहायचं होतं. मी आठ पानं ठोकली: अशिलाची बाजू, त्याच्यावरचा अन्याय, शेवटी 'सबब विनंती की'. शिकवणाऱ्या बाईंनी ते परत पाठवलं. 'तुमच्या अशिलाला काय हवंय ते कळलं. समोरचा वकील काय म्हणेल? आणि जिंकेल कोण?'

माझा पारा चढला. अशील विचारतो, 'काम होईल ना?' आणि आपण म्हणतो, 'बघू, पुढच्या तारखेला.' हरशील म्हणणारा वकील समोरच्याने फोडला, असंच आमच्याकडे धरतात. वर्गात मी हे तावातावाने मांडलं. बाई एवढंच म्हणाल्या, "मग तुमचा अशील निर्णय कशावर घेतो?"

तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. सरावासाठी मी माझीच एक फाईल काढली. तिसगावच्या तात्यांचा सख्ख्या भावाविरुद्ध, त्याच्या शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा दावा, नऊ वर्षं चाललेला. दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद. गेल्या वर्षी भाऊ वारला, तेव्हा दाव्यात त्याच्या जागी त्याचे वारस लावायचा अर्जही मीच केला होता. या वेळी समोरच्या बाजूने लिहायला बसले. तात्यांना ओढ्याकडून दुसरी वाट आहे, नकाशात ती सरळ दिसते; आणि दुसरी वाट असली की कोर्ट भावाच्या शेतातून रस्ता देत नाही. मी ती पहिल्याच दिवशी पाहिली होती आणि तात्यांपाशी अवाक्षर काढलं नव्हतं. टिपण दोन पानांत संपलं: आपण हरू.

पुढच्या तारखेला कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तात्यांना सगळं सांगितलं. ते चिडतील, फाईल परत मागतील, याची तयारी ठेवली होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"ह्ये तुमाला कवापासनं म्हाईत हाय, वकीलबाई?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले. इतकी लाज मला कुठल्याच कोर्टात वाटली नव्हती.

तात्यांनी टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले.

"मंग तवाच सांगायचं हुतं की," ते म्हणाले. "तवा भाऊ हुता. गेलो असतो त्याच्याकडं."