बुऱ्हाणपूरचा भंडारा

आमची गाडी संध्याकाळची होती आणि नारळ अजून पिशवीतच होता. बुऱ्हाणपुरातला शेवटचा दिवस असा उजाडला.

नारळ आम्ही पुरंदरातून, गावाकडून नेलेला. गेल्या वर्षी नात चिमी जिन्यावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला. तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे चिमीच्या आजीने, खंडोबाला बोलून ठेवलं की पोर चालायला लागली की तिच्याच हातून नारळ फोडीन, भंडारा लावीन. आता पोर बुऱ्हाणपुरात, खंडोबा जेजुरीत, आणि तिची शाळा काही सुटेना. मग फोनवर चिमीच म्हणाली, "नाना, इकडे या ना, आपण भंडारा पाहायला जाऊ." मी तिथंच निकाल दिला. जिथं भंडारा तिथं खंडोबा. ही म्हणाली, कुणाला तरी विचारा. जेजुरीच्या उशाला जन्मलेल्या माणसाने भंडारा म्हणजे काय हे दुसऱ्याला विचारायचं? शाळा माझी तिसरीपर्यंत, पण हळद ओळखायला तेवढी पुष्कळ.

लेकीचं घर लोधीपुऱ्यात. सकाळी तिने मावा जिलेबी (खव्याची, काळसर, जाड) आणून ठेवली. हिचा आज उपास. नवस फिटेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, आणि सांगितला तर फिटत नाही म्हणून लेकीजवळही बोलायचं नाही. हिने जिलेबीकडे पाठ केली आणि जावयांना आलेपाकाची वडी दिली. जावई गणिताचे मास्तर, त्यांचा घसा आठवडाभर बसलेला. एरवीही बोलणं कमीच, आता नुसत्या खुणा.

लेक शिदोरी बांधायला घरी राहिली. आम्ही चौघे रिक्षात बसताना जावयांना माझ्या पिशवीतला नारळ आणि हळदीची डबी दिसली. ते हाताने खाली, खाली असं दाखवायला लागले. मी म्हटलं, "बसतो हो, घाई काय."

गावाबाहेर मोकळं रान. ओळीने विहिरींची तोंडं. कळस कुठंच दिसेना.

"देऊळ कुठंय गं?"

"नाना, वो ऊपर नहीं, नीचे है," चिमी म्हणाली. "लिफ्टने जायचं."

देव खाली, हे मला नवीन होतं, पण मी तसं दाखवलं नाही. लिफ्टमध्ये जागा थोडी, म्हणून जावई वर थांबले. मी चपला काढून त्यांच्या हातात दिल्या.

"बाबूजी, पहन लो, नीचे पानी है," लिफ्टवाला म्हणाला.

"देवाकडे चपला घालून जात नसतात."

त्याने लिफ्टचं दार ओढलं. खाली उतरलो तर लांबलचक भुयार, भिंतींवर पांढरे थर, आणि पायाखाली काचेसारखं वाहतं पाणी. पाय बधिर झाले. लिफ्टवाल्याने सांगितलं की सातपुड्याचं पाणी झिरपून इथं येतं, बादशहाच्या वेळचं काम आहे, विहिरी आतून जोडलेल्या आहेत. "भंडारा मतलब पानी का भंडार, बाबूजी."

"अहो," ही म्हणाली. एवढंच.

"नाना को मंदिर लगा था क्या?"

"देव आत असेल," मी म्हटलं आणि पुढे चाललो. आत आणखी पाणी होतं. मी नारळ काढला तसा लिफ्टवाला आडवा आला. "यहाँ मत फोड़ना. लोग पीते हैं."

ही हळदीची डबी धरून उभी राहिली. तोंड उपाशी, वाळलेलं. हळू आवाजात म्हणाली, "नवस राहिला आणि पोरीच्या पायाला पुन्हा काही झालं तर?"

मी छाती भरून ओरडलो, "येळकोट येळकोट!" आमच्यात एकाने असं म्हणायचं आणि बाकीच्यांनी "जय मल्हार" म्हणायचं. ते आल्याशिवाय देवापर्यंत पोचलं असं धरत नाहीत. भुयाराने नुसतं "कोट, कोट" परत दिलं.

मग जरा वेळाने, वरच्या उजेडातून, फाटका, जाडाभरडा आवाज आला.

"जय मल्हार."

लिफ्टवाल्याने मान वर केली. हिने हात जोडले, चिमीच्या कपाळाला हळद लावली आणि न विचारता लिफ्टवाल्याच्याही.

वर आल्यावर चिमीने दगडावर नारळ फोडला. तिसऱ्या दणक्याला फुटला. जावई माझ्या चपला हातात धरून आभाळाकडे बघत उभे होते. मी चपला घेऊन पायात घातल्या, ते घसा चोळत राहिले.

गाडी रावेरला आली, दोन्ही बाजूंना केळीच केळी. तेव्हा कुठं हिने जिलेबीची पुडी सोडली. भंडारा मला कळतो, असंच माझं अजून म्हणणं आहे. हळद आणि पाणी, दोन्हीला या मुलखात एकच नाव असेल तर ती चूक माझी नव्हे. मी हिला म्हटलं, "गावात सांगायचं, तिथला खंडोबा जमिनीखाली आहे. हाक मारली की ओ देतो."

"देतो की," ती जिलेबी मोडत म्हणाली. "पुढच्या खेपेला त्याच्यासाठी आलेपाक जास्त घेऊ."