प्रार्थनेला बदली माणूस

नगरहून इंदूरला एस.टी. आणि इंदूरहून उज्जैनला खाजगी बस, असा प्रवास साठीला टेकलेल्या बाईने एकटीने करू नये, असं मला आमच्या मंडळीतल्या (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला मंडळी म्हणतो) निदान चार जणींनी सांगितलं होतं. पण माझ्या पर्समध्ये भावजयीचं पत्र होतं. माझा धाकटा भाऊ वसंत उज्जैनला शाळेत शास्त्र शिकवतो. तिथल्या मंडळीत तो 'वडील' आहे, म्हणजे पाळकांच्या बरोबरीने आजारी माणसांकडे जाणारा, प्रार्थना चालवणारा जबाबदार माणूस. घरातलं शेंडेफळ आणि मंडळीत वडील, यावरून मी त्याला वर्षानुवर्षं चिडवत आले आहे. भावजय मायाने लिहिलं होतं, "आक्का, हे दोन महिन्यांपासून बिलकुल गुमसुम आहेत. डाक्टरने पाहिलं, सब नॉर्मल आहे म्हणतात. तुम्ही एकदा येऊन जा ना."

मी तीस वर्षं इस्पितळात मेट्रन होते. न बोलणाऱ्याला बोलतं करणं हे माझं आवडतं काम. लगेच बॅग भरली.

वसंताचं घर नानाखेड्याला. इंदूरची बस तिथूनच गावात शिरते. मला तिथेच उतरायचं होतं आणि तिथेच नेमका डोळा लागला. जागी झाले तर बस गावात. धुरकट टेम्पोत बसून ड्रायव्हरला पत्ता दाखवला, तर त्याने पत्त्याकडे न बघता माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि मला थेट महाकालाच्या रस्त्याला आणून सोडलं.

"अरे, मला भावाकडे जायचंय."

"माताजी, बाहर से आए हो तो पहले बाबा के दर्शन, फिर भाई का घर," तो अगदी प्रेमाने म्हणाला. त्याच्या हिशेबात काही चुकलं नव्हतं. बेलाच्या पाट्या, अष्टगंधाचा वास, दर्शनाला निघालेली माणसं. मी फुलवाल्या बाईच्या फळीवर टेकून पाणी प्यायले. तिने 'कुठून आलात' विचारलं, मी सांगितलं, आणि नगरला पाऊस कसा झाला इथपर्यंत आमचं बोलणं झालं. मग एस.टी.डी. बूथ शोधून वसंताच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. निरोप मिळाला, टावर चौकात थांबा.

फ्रीगंजातला टावर चौक म्हणजे उज्जैनचा नवा चेहरा. रंगीत टी.व्ही.ची दुकानं, काचेआड मिक्सर, गच्च्यांवर केबलच्या छत्र्या. आणि ह्या सगळ्या नवलाईच्या पायाशी एक हातगाडी, तिच्यावर वाफाळते पोहे. इकडे पोह्यांवर मूठभर शेव घालतात आणि शेजारी गरम जलेबी ठेवतात. गोड-तिखट एकत्र बघून मी नाक मुरडलं आणि दुसरी प्लेट मागवली.

वसंत स्कूटरवरून आला तेव्हा माझ्या ओठांना पाक लागला होता. एरवी त्याने यावरून मला सोडलं नसतं. "आलीस? बस," एवढंच म्हणाला. मी ओठ पुसले आणि बॅग घेऊन मागे बसले.

घरी मायाने बाफले केले होते (कणकेचे गोळे उकडून, शेकून तुपात बुडवतात आणि वरणात कुस्करून खातात). मायाचं सगळं आयुष्य माळव्यात गेलंय, त्यामुळे तिची मराठी निम्मी हिंदीत भिजलेली. "आक्का, तुम्ही आधी आराम करून घ्या. संध्याकाळी आपल्या घरी प्रार्थना आहे, गुरुवारची. बारा-पंधरा लोक येतील. गार्डकाकाही येतात. काकी गेल्यापासून एक गुरुवार त्यांनी सोडला नाही."

गार्डकाका म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांची बायको, शांताकाकी, दोन महिन्यांपूर्वी, नाताळच्या आधीच्या आठवड्यात वारली, हे मला मायानेच सांगितलं. दोन महिने म्हटल्यावर माझे कान टवकारले.

दुपारी मी वसंताला क्षिप्रेवर घेऊन चल म्हटलं. घाटावर ऊन पसरलं होतं, बायका धुणं आपटत होत्या, एक म्हातारा माशांना चुरमुरे टाकत होता. पायऱ्यांवर बसलो. मी काही विचारलं नाही. माझ्यासारखीला ते फार जड गेलं. पाव तासाने तोच बोलला.

"आक्का, मला प्रार्थना येत नाही."

"म्हणजे?"

"डोळे मिटतो, मान खाली घालतो. आत काही नसतं." मग त्याने सगळं सांगितलं. शांताकाकी इस्पितळात होत्या तेव्हा तो रोज जायचा. एक दिवस त्यांचा हात धरून, गार्डकाकांच्या देखत तो म्हणाला, 'काकी, देवाने मला खात्री दिली आहे. नाताळला तुम्ही घरी याल.' खात्री वगैरे काही नव्हती. त्यांचा चेहरा बघवला नाही म्हणून तोंडातून गेलं. "आणि ते गृहस्थ दर गुरुवारी माझ्यासमोर येऊन बसतात. मी देवाच्या नावाने खोटं बोललो गं. आता कुठल्या तोंडाने काही मागू? मायालाही माहीत नाही. तुझ्यापाशीच ठेव."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शब्द दिला. (हे आता त्याला विचारूनच लिहिते आहे. 'लिही, पण तुझ्या प्रार्थनेपेक्षा छोटं लिही,' असं त्याचं उत्तर आलं.)

संध्याकाळी बैठकीत सतरंज्या पसरल्या. गार्डकाका आले. उंच, वाकलेले, इस्त्रीचा शर्ट. सलाम करून ते नेमके वसंतासमोरच बसले. गीत झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं. मग वसंत म्हणाला, "आज नगरहून आलेली माझी बहीण प्रार्थना करील." त्याला सुटका हवी होती, हे मला कळलं. मला काय हवं होतं, ते मात्र मला कळलं नाही.

मी सुरुवात चांगली केली. देशासाठी, गावासाठी, आजाऱ्यांसाठी. माझी प्रार्थना एकदा लागली की लागते. डोळे मिटलेले असले की मला वाटतं, खोलीत मी आणि देव दोघंच आहोत. त्या भरात माझ्या तोंडून निघालं, "आणि बापा, माझ्या भावाला पाहा. मंडळीतल्या एका मरणाऱ्या बहिणीला दिलेल्या शब्दापायी त्याची प्रार्थना आटली आहे."

खोलीतली चुळबूळ थांबली. मी 'आमेन' कसंबसं म्हटलं. डोळे उघडले तर वसंत माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुला सांगितलं होतं, आक्का. फक्त तुला," असं हळूच म्हणून तो आत गेला. लोक चहा न घेता उठले. माया दारात ट्रे घेऊन उभी राहिली. मंडळीत प्रार्थनेच्या आडून चहाड्या करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांना झापलंही आहे. आता मी त्यांच्याच रांगेत जाऊन बसले होते, तेही भावाचं दुखणं चव्हाट्यावर मांडून. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सकाळी मी बॅग भरत होते. वसंत पेपर समोर धरून बसला होता, एकच पान. माया कालपासून त्याच्याशी आणि माझ्याशी मोजकंच बोलत होती. तेवढ्यात गार्डकाका आले, हातात पोह्यांचा पुडा. मायाला म्हणाले, "बेटा, प्लेटा आण." मग वसंताच्या शेजारी बसले.

"सर, मी छत्तीस साल गाडीवर काढली," ते म्हणाले. "ड्यूटीवरचा गार्ड थकला, तर गाडी उभी करून ठेवतात काय? रिलीव्हर येतो. बदली माणूस. झंडी आणि बत्ती त्याच्या हातात द्यायची, आणि जाऊन झोपायचं. तू का थकला, असं कोणी विचारत नाही. काल आम्ही सगळे तुमच्या फाटकाशी थांबलो. दिवस वाटून घेतले. सोमवारी पोस्टातले थॉमस, मंगळवारी त्यांची मिसेस, असं. तुमच्या वाटची प्रार्थना आता आम्ही करू. तुम्ही आराम करा."

वसंताने पेपर खाली केला. "काका, मी खोटं बोललो होतो. काकींना. तुमच्या देखत."

"मालूम आहे. तिलापण मालूम होतं." गार्डकाका पुड्याचा दोरा सोडवत होते, गाठ सुटत नव्हती. "तुम्ही गेल्यावर मला बोलली, मी काही नाताळ पाहत नाही. पण सरांना सांगू नका, ते किती आशेने बोलून गेले."

वसंताने तोंड पेपरात लपवलं. माया त्याच्याजवळ जाऊन खाली बसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी विसळली.

मी आणखी तीन दिवस राहिले. वसंत माझ्याशी बोलायला लागला, आधी थोडं, मग नेहमीसारखं टोमणे मारत. पण जेवणाआधी तो गप्प बसायचा आणि माया प्रार्थना म्हणायची. मी त्याला काही विचारलं नाही.

निघायच्या दिवशी नानाखेड्याला मला सोडायला तो आला आणि गार्डकाकाही आले. कंडक्टर "सांवेर, इंदौर, इंदौर" ओरडत होता. प्रवासाला निघालेल्या माणसासाठी प्रार्थना करायची आमची रीत आहे. वसंत मागे सरला. गार्डकाकांनी टोपी काढली.

"हे स्वर्गीय बापा, आमच्या बहनजी निघाल्या. त्यांना सुखरूप घरी..."

आणि ते थांबले. 'घरी' या शब्दापुढे त्यांना जाता येईना. मी डोळे उघडले. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

वसंत पुढे आला. त्याने गार्डकाकांचा हात धरला.

"बापा, काकी घरी आल्या नाहीत," तो म्हणाला. "आम्हाला त्यांची फार आठवण येते. काकांना सांभाळ. आक्काला पोचव. आमेन."

गार्डकाका मोठ्याने "आमेन" म्हणाले. मी बसमध्ये चढले. सांवेर मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं की आमेन म्हणायचं माझं राहूनच गेलं. शेजारच्या बाईला काय वाटेल याची पर्वा न करता मी ते म्हटलं आणि पदराने डोळे पुसले.

नगरला परतल्यावरच्या पहिल्या रविवारी बायकांनी मला घेरलं. उज्जैनला काय पाहिलंस, काय खाल्लंस. मी त्यांना टेम्पोवाल्याची गंमत सांगितली, पोहे-जलेबी सांगितली. मग एकीने प्रार्थनेच्या विनंत्या लिहायच्या वहीत पेन्सिल टेकवून विचारलं, "भावासाठी प्रार्थना करायची ना? काय झालंय त्याला?"

"त्याचं नाव लिही," मी म्हटलं. "वसंत. आणि खाली गार्डकाका लिही. एवढंच."