साठ ओळींतली बेटं

पगारे सर कुठल्याही घटनेचं साल सांगत नसत, अक्षर सांगत. "थोरलीचं लग्न ना? ते 'ज'मध्ये झालं." नवा शिपाई गोंधळून माझ्याकडे बघे. मग मी खुर्ची पुढे ओढून त्याला सगळी हकिगत ऐकवी. आमच्या नाशिकच्या शाळेत सर भूगोल शिकवत आणि मी चित्रकला, त्यामुळे मला वेळ भरपूर.

सर आधी हरसूलला होते. तिथल्या शाळेच्या कपाटात त्यांना एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांच्या निसर्गावरचं. पावसाळ्यात बाहेर पडायची सोय नसे, तेव्हा सरांनी ते चार पावसाळे वाचलं. अठरा बेटं, जंगल म्हणून नाही, आणि कड्याकड्यावर पक्षीच पक्षी. पुढे तिथल्या एका शिक्षकाशी पत्रव्यवहार जमला, आणि आमचा माणूस कायमचा तिकडचा झाला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात एका मोठ्या कोशाचं काम निघालं. सरांना पत्र आलं: 'फेरो बेटे, साठ ओळी.' आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना त्या बेटांबद्दल विचारलं होतं. कोश अकारविल्हे निघणार होता. मी म्हटलं, लिहून टाका. सर म्हणाले, "घाई काय? अजून 'अ' चाललाय. आपला 'फ' लांब आहे."

तिथेच फसलं. एकेक खंड निघत गेला आणि सर लिहीत गेले. चित्रं माझ्याकडे होती. मी पफिन पक्ष्याला आमच्या हेडमास्तरांचं नाक लावलं. सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "चोच बरोबर आहे. चालही तीच. राहू द्या." 'प' आला तेव्हा नऊशे पानं झाली होती आणि कोशवाल्यांचं तिसरं स्मरणपत्र आलं होतं.

मी इंदिरानगरच्या त्यांच्या घरी लाल पेन्सिल घेऊन गेलो. म्हटलं, तो गिलेमॉट पक्षी काढून टाका, अडीचशे ओळी वाचतील. सर शांतपणे म्हणाले, "त्याचं पिल्लू तीन आठवड्यांचं असतं. उडता येत नाही, तरी कड्यावरून समुद्रात उडी घेतं. खाली बाप हाका मारत असतो. हे वाचून झाल्यावर तुम्ही काढा." त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं. मी वाचलं आणि पेन्सिल खिशात घातली. पगारेवहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला कापायला बोलावलं होतं ना?"

'फ'चा खंड शाळेत आला तेव्हा सरांनी तो उभ्यानेच उघडला. तिथे एकच ओळ होती: 'फेरो बेटे, पहा डेन्मार्क.' 'ड'चा खंड कित्येक वर्षांपूर्वी छापून झालेला. तोही मी कपाटातून काढून दिला. डेन्मार्कच्या नोंदीत बेटांविषयी एवढंच होतं की तिथे झाडं फारशी नाहीत. सर म्हणाले, "बरोबर आहे." आणि नववीच्या तासाला गेले.

निवृत्तीनंतर त्यांनी ऐकलं की शेवटी एक पुरवणी खंड निघणार आहे. तोवर छातीचं दुखणं जडलं होतं. दोन वर्षं कापाकापी करून त्यांनी खरंच साठ ओळी केल्या आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिल्या. खडक, गवत, वारा, धुकं, सगळं होतं. मी विचारलं, "सर, पक्षी?"

"साठ ओळींत थोडेच बसत होते. कुणाला ठेवू आणि कुणाला हाकलू? सगळ्यांनाच काढलं."

ते गेले. जलदानविधीच्या दिवशी माणसं जेवत असताना पोस्टमन कोशवाल्यांचं कार्ड देऊन गेला. वहिनींनी ते माझ्या हातात दिलं. "वाचा ना मोठ्यानं. सगळ्यांना कळू दे."

मी घसा साफ केला. कार्डावर तीन वाक्यं होती. 'नोंद आटोपशीर आणि उत्तम आहे. मात्र तेथील पक्षिजीवनाचा उल्लेख राहून गेला आहे. तो घालून नोंद पुन्हा पाठवावी.'

मी पहिलं वाक्य वाचलं आणि कार्ड घडी करून खिशात ठेवलं.