सात वाजताचा मिस्ड कॉल

नामदेवभाऊंनी मला प्रिन्सिपलसरांच्या समोर येडं म्हटलं होतं.

आणि मी येडाच होतो.

२००७ साल. आमच्या कॉलेजात सहा सर्व्हर जोडून क्लस्टर केला होता. शेवटच्या वर्षाच्या पोरांचे सगळे प्रोजेक्ट त्यावर. सांभाळायला मी, निरगुडसर गावचा नवाकोरा सिस्टिम अॅडमिन.

मी त्यावर मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवलं. डिस्क भरली, मशीन तापलं, काहीही बिघडलं की माझ्या मोबाईलवर मेसेज! स्टाफरूममध्ये फोन दाखवत फिरायचो.

दिवाळीच्या सुट्टीत एकही मेसेज आला नाही. मेसेज नाही म्हणजे सगळं ओके. मी घरी निवांत करंज्या हाणत होतो.

परत आलो तर सहाच्या सहा मशीन बंद. यूपीएस गेलेला, डिस्क उडालेल्या, पोरांचे प्रोजेक्ट साफ. बॅकअपही तिथंच.

आणि माझं मॉनिटरिंग? तेही त्याच सहांपैकी एकावर बसवलेलं. मेसेज पाठवणार कोण?

सबमिशन तोंडावर. सर म्हणाले, "तुम्हाला ठेवायचं की नाही, विचार करावा लागेल."

यूपीएस बघायला आमचे वायरमन नामदेवभाऊ आले होते. निमगाव सावाचे, वडिलांच्या वयाचे.

"येडं हाय राव हे पोरगं! बोंब मारायचं काम ज्याला दिलं, त्यालाच आगीत बसवलं व्हय?"

संध्याकाळी त्यांनी मला मोपेडवर बसवून घरी नेलं. ओट्यावर चहा दिला आणि लांब विहिरीकडं बोट केलं. तिथं बांबूवर एक बल्ब जळत होता.

"मोटार चालू हाय तवर त्यो जळतो. इझला की मी उठतो."

"आणि नुसता बल्बच उडाला असला तर?"

"तरी उठतो. फुकटची चक्कर पडंल. पन मोटार जळायची न्हाई."

त्या वाक्यावर माझी नोकरी टिकली.

पोरांनी प्रोजेक्ट पुन्हा लिहिले, मी रोज त्यांच्याबरोबर बसलो. आणि मॉनिटरिंग ऑफिसातल्या वेगळ्या मशीनवर, वेगळ्या लाइनवर नेलं. रोज सकाळी सातला एकच मेसेज: सगळं ठीक.

आला तर चहा. नाही आला तर गाडीला किक.

दोनदा फुकटची चक्कर पडली. तिसऱ्यांदा गेलो तर लाइट गेलेली, यूपीएस शेवटच्या घटका मोजत होता. मशीन नीट बंद केली. एक फाइल गेली नाही. छाती पुन्हा फुगली, पण या वेळी भाऊंना विचारून.

पुढे भाऊ रिटायर झाले. वहिनी वारल्या, मुलगा नोकरीला चाकणला. मी म्हटलं, एकटे राहता, रोज फोन करत जा.

"फोन कशाला? मिस कॉल देतो. तुज्या मशीनवानी."

सातला सर्व्हर, सात वाजून एक मिनिटाला भाऊ. कितीतरी वर्षं. मी एकदाही उचलला नाही, तसा करारच होता.

गेल्या वर्षी एका सकाळी तो आला नाही.

रेंज नसेल. चार्जिंग संपलं असेल. बेल्ह्याच्या बाजाराला लवकर निघाले असतील.

सगळं मनात आलं. तरी किक मारली.

भाऊ मोरीत पडले होते. श्वास चालू होता. दवाखान्यात नेलं, मुलगा आला, नातवंडं आली. सगळ्यांना अकरा दिवस मिळाले.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, मला बघितलं आणि विचारलं,

"फुकटची चक्कर पडली का रं?"

"न्हाई भाऊ."

एवढंच बोललो आणि बाहेर जाऊन ढसाढसा रडलो.

भाऊंना जाऊन आज वर्ष झालं. तो क्लस्टर कधीच भंगारात गेला. पण हे काम मी ज्याला शिकवतो, त्याला आधी विहिरीवरचा बल्ब शिकवतो.

भाऊंचा नंबर त्यांच्या मुलानं चालू ठेवलाय. आज सात वाजून एक मिनिटानं मी त्यावर मिस्ड कॉल दिला.

लगेच उलटा मिस्ड कॉल आला.

भाऊ, इकडं सगळं ठीक आहे. तुमच्या येड्याचा शेवटचा नमस्कार. 🙏